कै. रमाबाई रानडे व त्यांच्या परिचारिका

कर्जत व खालापूर ह्या आपल्या दोन तालुक्यांतून मुंबई-पुण्याचा लोहमार्ग व हमरस्ता जातो. ह्याच वाटेनें आपल्या खेड्यांतील मुली परिचारिकेचें शिक्षण घेण्यासाठीं कोणी मुंबईस, तर कोणी पुण्यास जातात. त्यांस निरोप देतांना आईबापांच्या मनांत दोन विचार असतात. मुलीच्या हातीं उदरनिर्वाहाचें साधन येईल, हा एक. आणि परक्या ठिकाणीं, रात्रीबेरात्रीं, परपुरुषांच्या खाटेपाशीं काम करतां करतां आपली मुलगी बदलून तर जाणार नाहीं ना, हा दुसरा. हा दुसरा विचार हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. मुलगी बदलते, हें खरेंच आहे. ती घरून जे संस्कार घेऊन जाते त्यांतले कांहीं टाकते, कांहीं घट्ट धरते, आणि कांहीं नवे शिकते. तो बदल कसा होतो, आणि त्या काळांत तिला कोणाचा आधार लागतो, हें ज्या स्त्रीच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें, तिची ओळख आज वाचकांस करून द्यावयाची आहे.

रमाबाई रानडे ह्यांचा जन्म १८६२ सालीं सध्याच्या सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवीं, कुर्लेकर घराण्यांत झाला. माहेरचें त्यांचें नांव यमुना. आपल्या बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली ती त्याच्या पुढच्या वर्षीं, म्हणजे १८६३ सालीं. लोखंडी रस्त्यानें घाट फोडला होता, परंतु घरांतील रीतीभाती जशाच्या तशा होत्या. मुलींस लिहावयास वाचावयास शिकविणें हें त्या काळीं अशुभ समजत, आणि कुर्लेकरांच्या घरींही मुलींच्या हातीं पाटी दिली गेली नव्हती.

१८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांचें लग्न महादेव गोविंद रानडे ह्यांच्याशीं झालें. रानडे त्या वेळीं एकतीस वर्षांचे, पुण्यास न्यायखात्यांत अधिकारी आणि सुधारक म्हणून सर्वांस ठाऊक असलेले गृहस्थ होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा मनुष्य आतां स्वतः एखाद्या विधवेशींच विवाह करील, अशी अनेकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढें त्यांनीं मान वांकविली व लहान मुलीचें पाणिग्रहण केलें. ह्याबद्दल त्यांस पुष्कळ बोल लागला, आणि तो अगदींच अन्यायाचा होता असें म्हणतां येणार नाहीं. मात्र जें झालें त्यांतून त्यांनीं एक गोष्ट चांगली केली. घरीं आलेल्या त्या बालिकेस त्यांनीं प्रथमपासून आपली विद्यार्थिनी मानलें. पाटीवर मुळाक्षरें गिरविण्यापासून आरंभ झाला, आणि दिवसभराचें काम आटोपल्यावर रोज रात्रीं धडा घेण्याचा नेम त्यांनीं ठेवला.

घरांतील वडील बायकांस हें मुळींच रुचलें नाहीं. पुरुषांसारखी पुस्तकें वाचणारी सून म्हणजे घराण्यास काळिमा, असें त्यांस वाटे. उघड टोमणे, मुद्दाम लादलेलीं कामें आणि अबोला हा त्यांचा नित्याचा व्यवहार होऊन बसला. पतीची आज्ञा मोडवत नाहीं आणि घरच्यांचें बोलणें सोसवत नाहीं, अशा ओढाताणींत त्या मुलीचीं पहिलीं वर्षें गेलीं. आरंभीं ती शिकली ती विद्येच्या आवडीनें नव्हे, तर पतीच्या इच्छेखातर. आवड मागाहून आली. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

इंग्रजी शिकविण्यासाठीं एका इंग्रज बाईंची योजना झाली तेव्हां घरांतील कुरकूर आणखी वाढली. परधर्मी बाईच्या शेजारीं बसून आलेल्या सुनेनें स्नान केल्याखेरीज घरांत कशासही शिवूं नये, असा आग्रह सुरू झाला. म्हणजे ज्ञान घेऊन यावें आणि लगेच त्याचा विटाळ पाण्यानें धुवून टाकावा, असा तो प्रकार होता. पुढें पुण्यांत मुलींच्या हायस्कुलाची खटपट चालली असतां रमाबाईंनीं गव्हर्नरसाहेबांसमोर भर सभेंत इंग्रजी भाषण वाचून दाखविलें. त्या दिवशीं घरीं परतल्यावर कौतुकाचा एक शब्दही त्यांच्या कानीं पडला नाहीं; उलट निंदेचा वर्षाव झाला. हें हायस्कूल १८८४ सालीं हुजूरपागेंत सुरू झालें आणि पुढें हजारों मुली तेथें शिकल्या. ज्या दिवशीं रमाबाईंनीं सर्वांत जास्त निंदा सोसली त्या दिवसाचें फळ इतकें मोठें होतें.

१८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. दोघी रमाबाईंची ओळख तेथें झाली. पुढील वर्षीं पंडिता रमाबाईंनीं विलायतेंत बाप्तिस्मा घेतला, आणि परत आल्यावर १८८९ सालीं विधवांसाठीं शारदासदन काढलें. सदनाच्या सल्लागार मंडळींत रानडे होते. परंतु कांहीं विधवांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊं लागल्यावर १८९३ सालीं ते व त्यांचे सहकारी त्यांतून बाहेर पडले. दोघींचे मार्ग निराळे झाले. तथापि निराधार विधवेस तिच्या हातांत कसब देऊन उभें केलें पाहिजे, हा जो धडा पंडिता रमाबाईंनीं महाराष्ट्रास घालून दिला, तो रमाबाई रानड्यांनीं आपल्या समाजांत आपल्या रीतीनें पुढें चालविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या काळचें पुणें कसें होतें हें समजण्यास एक गोष्ट पुरे आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत एका सभेनिमित्त शहरांतील बरेच प्रतिष्ठित गृहस्थ जमले असतां तेथें चहा देण्यांत आला. कोणी तो घेतला, कोणी केवळ पेल्यास हात लाविला. पुढें ही हकीकत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली आणि गांवभर गदारोळ उडाला. मिशनांतील चहा घेतला म्हणून ह्या विद्वानांवर ग्रामण्य आलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानड्यांसारख्या न्यायाधीशासही १८९२ सालीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें. रमाबाईंस ह्या प्रायश्चित्ताचें फार दुःख झालें. एका पेल्याच्या विटाळास भिणारें हें शहर, आणि वीसेक वर्षांनीं ह्याच शहरांतील ब्राह्मण विधवा ससून इस्पितळांत हरएक जातीच्या रोग्याच्या जखमा धुवूं लागल्या! हा पालट कसा घडून आला, तेंच आतां सांगावयाचें आहे.

१८९३ सालीं रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईस राहूं लागलें. तेथें रमाबाईंनीं स्त्रियांचे वर्ग चालविले, शिवणकाम व सामान्य ज्ञान शिकविण्याची व्यवस्था केली. ता. १६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे वारले. रमाबाई त्या वेळीं चाळिशीच्या आंत होत्या. पुण्यास परत येऊन त्यांनीं जवळजवळ वर्षभर घराबाहेर पाऊल टाकलें नाहीं. इतकीं वर्षें जें जें केलें तें पतीच्या सांगण्यावरून. आतां सांगणारा गेला. पुढें करावयाचें तें कोणासाठीं, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला असल्यास नवल नाहीं.

त्याचें उत्तर त्यांस लोकांच्या दुःखांत सांपडलें. त्या तुरुंगांत स्त्री-कैद्यांस भेटूं लागल्या, सुधारगृहांतील मुलांकडे जाऊं लागल्या, इस्पितळांतील रोग्यांस फळें, फुलें व पुस्तकें नेऊन देऊं लागल्या. १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. जी स्त्री एके काळीं आज्ञेनें सभेंत उभी राही, ती आतां स्वतःच्या मनानें रोग्याच्या खाटेपाशीं बसूं लागली. पतीच्या आयुष्याविषयींचें त्यांचें आठवणींचें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्यास फार वरचें स्थान आहे.

आतां त्या वेळच्या परिचारिकांच्या धंद्याकडे वळूं. विलायतेंत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनीं १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा काढली, आणि तेव्हांपासून त्या देशांत ह्या कामास हळूहळू प्रतिष्ठा आली. आपल्याकडे रोग्याची शुश्रूषा घरांतील बायकांनीं करावी. बाहेरच्याची करणें हें हलक्या समजल्या गेलेल्या लोकांचें काम, अशी समजूत होती. सुईणीचें कामही ह्याच कारणानें नीच मानलें गेलें. मुंबईस कामा इस्पितळ १८८६ सालीं उघडलें, मिरजेस डॉक्टर वानलेस ह्यांचें मिशन इस्पितळ १८९४ सालीं सुरू झालें. अशा ठिकाणीं हातांत कसब घेऊन काम करावयास ज्या प्रथम पुढें आल्या त्यांत युरोपियन, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती स्त्रियांचा भरणा मोठा होता. पुण्याच्या प्लेगांत १८९७ सालीं सावित्रीबाई फुले ह्यांनीं रोग्यांची सेवा करतां करतां प्राण दिला. परंतु तें एका थोर स्त्रीचें आत्मार्पण होतें, धंदा नव्हता.

आपल्या मंडळ्यांतील मुली ह्या कामांत आधीं शिरल्या ह्याचा आपण अभिमान बाळगतों, आणि तो योग्यही आहे. परंतु त्यांत एक गोष्ट विसरूं नये. आपल्या मुलींस हा दरवाजा ओलांडतांना पाठीशीं मंडळी होती, मिशनाची शाळा होती, आणि विटाळाचें ओझें पूर्वींच पुष्कळसें उतरलेलें होतें. सोंवळ्याच्या घरांतील विधवेस मात्र हा दरवाजा गांठण्यापूर्वीं स्वतःचें अर्धें आयुष्य मागें टाकावें लागे.

१९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल ह्या दोघां गृहस्थांनीं स्त्रियांस आश्रय द्यावा व सेवेचें शिक्षण द्यावें, ह्या हेतूनें मुंबईस सेवासदन काढलें, आणि त्यासाठीं रमाबाईंचें साह्य घेतलें. १९०९ सालीं पुण्यास सेवासदनाचें काम सुरू झालें. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं त्याच्या व्यवस्थेचा भार उचलला, आणि रमाबाई त्याचा आत्मा झाल्या. संस्थेंत लिहिणें-वाचणें, शिवण, अध्यापिकांचें शिक्षण असे अनेक वर्ग होते. त्यांतील सर्वांत अवघड वर्ग परिचारिकांचा. ह्या उमेदवार बायकांनीं संस्थेच्या वसतिगृहांत राहावें आणि ससून इस्पितळांत काम शिकावें, अशी व्यवस्था होती.

ह्या उमेदवारांत तरुण विधवा पुष्कळ. त्या येतांना बरोबर काय घेऊन येत? उपासतापास, व्रतें, सोशिकपणा, रात्रीं उठून आजाऱ्यास पाणी देण्याची संवय. हें सर्व चांगलें. त्याबरोबर विटाळाची धास्ती, परपुरुषाकडे पाहाण्याची लाज, आणि आपण अभागी असल्यामुळें आपला जीव कवडीमोल आहे ही खोल रुतलेली समजूत, हेंही त्या घेऊन येत. शिक्षणाचा पहिला परिणाम सोंवळ्यावर होणें अटळ होतें, आणि तो पाहाण्यासारखा आहे.

सोंवळें व इस्पितळाची स्वच्छता ह्यांचें बाहेरचें रूप सारखेंच दिसतें. दोहोंत हात धुवावयाचे, वस्त्र बदलावयाचें, शिवाशीव टाळावयाची. शस्त्रक्रियेंत जंतुनाशक औषध वापरावें, हें लिस्टर नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८६७ सालीं प्रसिद्ध केलें. पुण्याचें ससून इस्पितळही त्याच सालीं उघडलें. त्याच्याही वीस वर्षें आधीं, १८४७ सालीं, व्हिएन्ना शहरीं सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें असें दाखविलें होतें कीं, वैद्यांनीं हात धुवून बाळंतिणीस तपासलें तर सूतिकाज्वराचे मृत्यु फार कमी होतात. म्हणजे पाण्याचा उपयोग दोन्हीकडे आहे. दिशा मात्र उलट. सोंवळ्यांत मनुष्य दुसऱ्याला शिवल्यावर हात धुतो, कारण दुसऱ्यामुळें आपण बाटूं अशी त्यास भीति असते. इस्पितळांत परिचारिका रोग्यास शिवण्यापूर्वीं हात धुते, कारण आपल्यामुळें रोग्यास इजा होईल अशी तिला काळजी असते. लहानपणीं रमाबाईंस ज्या पाण्यानें स्नान करावें लागलें तें पहिल्या प्रकारचें. त्यांच्या विद्यार्थिनींनीं ससून इस्पितळांत जें पाणी हातांवर घेतलें तें दुसऱ्या प्रकारचें. नेमधर्माच्या कडक वळणांत वाढलेल्या बाईस नेम सोडावा लागला नाहीं; नेमाचें तोंड स्वतःकडून रोग्याकडे वळवावें लागलें. परिचारिकेच्या मनांत जो मुख्य बदल व्हावयाचा तो हाच, आणि तो एकदां झाला म्हणजे मागें फिरत नाहीं.

लाजेचेंही तसेंच. नवखी उमेदवार रोग्याचें अंग पुसतांना, मळमूत्राचें भांडें उचलतांना आधीं स्वतःचा विचार करते: कोण पाहात असेल, घरीं कळलें तर काय होईल. कांहीं दिवसांनीं ती रोग्याचा विचार करूं लागते. खाटेवर पडलेल्या मनुष्यास स्वतःच्या परावलंबनाची किती लाज वाटत असेल, हें तिला कळूं लागतें. मग ती पडदा ओढते, हलक्या हातानें काम करते, आणि त्याची लाज राखते. लाज नाहींशी झाली असें नव्हे. आपली राखण्याऐवजीं ती दुसऱ्याची राखूं लागली, इतकेंच. घरच्यांस मात्र ह्यांतला पहिला अर्धाच भाग दिसतो आणि मुलगी निर्लज्ज झाली असें वाटतें. पुष्कळ गैरसमज येथेंच होतात.

तिसरा बदल वेतनाविषयींचा. सेवा म्हणजे पुण्य, आणि पुण्याचे पैसे घेऊं नयेत, असें आपले लोक मानीत आले. ह्या समजुतीचा फायदा बहुधा सेवा घेणारांसच होतो. विधवा तर घरोघर फुकट राबतच होती. फुकट राबण्यानें तिला मान मिळाला नाहीं. सेवासदनांत शिकून बाहेर पडलेली परिचारिका स्वतःच्या कमाईवर उभी राहूं लागली, कोणी आपलें मूल शिकवूं लागली, तेव्हां आपला जीव कवडीमोल नाहीं हें तिला प्रथमच कळलें. यरीहोच्या वाटेवरील शोमरोनी मनुष्यानें जखमा स्वतःच्या हातानें बांधल्या, आणि पुढील शुश्रूषेसाठीं उतारशाळेच्या रक्षकास पैसेही मोजून दिले, ही गोष्ट आपण जाणतोंच. दया व मोबदला ह्यांत त्या कथेस कांहीं विरोध दिसला नाहीं, तर तो आपण कां मानावा?

हे बदल केवळ इस्पितळांतल्या कामानें पुरे झाले नसते. त्यांच्या पाठीशीं कोणीतरी उभें राहाणें अवश्य होतें. सेवासदनाच्या एका संमेलनांतला प्रसंग प्रसिद्ध आहे. बक्षीस घेण्यासाठीं एक तरुण विधवा व्यासपीठावर आली. केशवपन केलेलें डोकें, अंगावर तांबडें लुगडें. वरच्या सज्ज्यांत बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं तिला पाहून थट्टेचा गलका केला. समारंभाच्या अखेरीस रमाबाई बोलावयास उठल्या. एरवीं सौम्य असणाऱ्या ह्या बाईंनीं त्या दिवशीं त्या तरुणांस कडक शब्दांत विचारलें कीं, क्रूर चालीच्या जाचांत सांपडलेल्या बहिणीस जे हंसतात त्यांनीं स्वतःस शिकलेले कसें म्हणवावें. ही विधवा त्यांच्यापैकींच कोणाची बहीण किंवा आई असूं शकली असती. सभेंत टांचणी पडली तरी ऐकूं यावी इतकी शांतता पसरली. परिचारिकेच्या धंद्याकडे पाहाण्याची पुण्याची दृष्टि पालटण्यास हा प्रसंग कारण झाला, असें सांगतात. त्या विधवेच्या मनावर काय परिणाम झाला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. आपली लाज आतां आपल्याकडे राहिली नाहीं, ती हंसणारांकडे गेली, असें तिला वाटलें असेल.

आणखी एक बदल आहे, आणि तो चांगला नाहीं. विटाळ गेला, लाज गेली, हातास कसब आलें, म्हणजे पुढें मन निबर होण्याचा धोका असतो. पहिल्या मृत्यूच्या वेळीं जी मुलगी रात्रभर रडते, तीच कांहीं काळानें रोग्यास नांवानें न ओळखतां खाटेच्या आंकड्यानें ओळखूं लागते. हा केवळ तिचा दोष नव्हे. रोगी फार, माणसें थोडीं, रात्रपाळ्या लागोपाठ, वरिष्ठांचा धाक, आणि उपकाराचा शब्द कोणाच्याही तोंडीं नाहीं, अशा स्थितींत मन स्वतःच्या बचावासाठीं दार लावून घेतें. ज्या उमेदीनें मुलगी शिकावयास आली ती उमेद बहुधा दुःख पाहून मरत नाहीं; एकटेपणानें मरते.

रमाबाईंचें मोठेपण येथें दिसतें. शुश्रूषेचें शास्त्र त्या शिकलेल्या नव्हत्या. तें शिकविण्याचें काम त्यांनीं इस्पितळावर सोंपविलें. आपल्याकडे त्यांनीं ठेवलें तें सहवासाचें काम. संस्थेंतील बायकांची विचारपूस त्या घरच्या वडील बाईप्रमाणें करीत, आणि स्वतः इस्पितळांत रोग्यांस भेटावयास जात. आळंदीच्या आषाढी-कार्तिकीच्या यात्रांत सेवासदनाच्या सेविकांस घेऊन स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीस त्या उतारवयांतही उभ्या राहात. गुजराथ-काठेवाडांत १९१३ सालीं अन्नान्नदशा झालेल्या लोकांच्या साह्यासही त्या धांवून गेल्या. जी बाई स्वतः रोग्यापाशीं बसते तिच्या विद्यार्थिनीस खाटेवरचा मनुष्य विसरणें कठीण जातें. शिवाय रमाबाई हा सर्व मार्ग स्वतः चालून आल्या होत्या. विटाळाचें स्नान, टोमणे, अबोला, आज्ञेनें शिकणें आणि मागाहून जडलेली आवड, ह्यांतलें कांहींच त्यांस परकें नव्हतें. म्हणून घरच्यांच्या आग्रहानें किंवा पोटाच्या गरजेनें आलेल्या मुलीस त्यांनीं कमी लेखण्याचें कारण नव्हतें. कशासाठीं आली ह्यापेक्षां येथें राहून ती काय होईल, हें पाहावयाचें असतें.

१९१५ सालीं पुणें सेवासदनाची रीतसर नोंदणी झाली. पुढें त्याला अध्यापिका-विद्यालय व तीन वसतिगृहें जोडलीं गेलीं; त्यांतलें एक वैद्यकी शिकणाऱ्या मुलींसाठीं व एक उमेदवार परिचारिकांसाठीं होतें. रमाबाईंनीं मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठीं व १९२१-२२ च्या सुमारास स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठींही चळवळ केली. १९२४ सालीं त्या कैलासवासी झाल्या. त्या वेळीं सेवासदनाच्या निरनिराळ्या शाखांतून हजारांवर स्त्रिया शिकत होत्या. त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९६२ सालीं, भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपाल-तिकीट काढलें.

आतां काळ पालटला आहे. सहायक परिचारिकेचा ए. एन. एम. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी. एन. एम. चा तीन, आणि बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. सर्व जातींच्या व धर्मांच्या मुली, आणि कांहीं मुलगेही, हें शिक्षण घेतात. आज अडचण पूर्वीच्या उलट बाजूनें येते. पूर्वीं वेतनाची लाज वाटे. आतां कित्येक घरीं वेतनाखेरीज दुसरें कांहीं विचारलेंच जात नाहीं. मुलगी शिकावयास जाते ती नोकरीसाठीं, क्वचित् परदेशीं जाण्याच्या आशेनें. ह्यांत पाप नाहीं. रमाबाईही प्रथम स्वतःच्या आवडीनें शिकल्या नव्हत्या. परंतु आवड पुढें यावयाची असेल तर तिला वाव पाहिजे, आणि तो वाव देणें केवळ कॉलेजाच्या हातीं नाहीं. घराच्या व मंडळीच्याही हातीं आहे.

आपल्या ह्या डोंगराळ भागांत ही गोष्ट किती जरुरीची आहे, हें वेगळें सांगावयास नको. ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या उंचावर आहेत, पावसाळ्यांत वाटा बंद होतात, आणि उपकेंद्रांतील परिचारिकेस लस व औषधें घेऊन पायींच चढावें लागतें. ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हां मदतीस जाणारांस डोंगर पायीं चढून जावें लागलें, हें आपण जाणतोंच. अशा ठिकाणीं नुसती कनवाळू बाई पुरत नाहीं आणि नुसती हुशार बाईही पुरत नाहीं. कनवाळू हातास कसब लागतें, आणि कसबी हातास मागें कोणीतरी आहे असा धीर लागतो.

तेव्हां ज्या घरांतून मुलगी परिचारिका होण्यास गेली आहे त्यांनीं ती सुटींत आल्यावर प्रथम पगाराची चौकशी करूं नये. तिनें कोणाची शुश्रूषा केली, कोण बरें झालें, कोण गेलें, हें विचारावें. आणि ती सांगूं लागल्यावर शेवटपर्यंत ऐकावें. तिच्या वागण्यांत जो धीटपणा आला असेल त्यास निर्लज्जपणा म्हणूं नये. मंडळीच्या वडिलांनीं महिन्यांतून एकदां तरी तिला पत्र लिहावें किंवा फोन करावा. आणि आपल्या गांवच्या उपकेंद्रांतील परिचारिका, ती कोणत्याही जातीची किंवा धर्माची असो, दुपारच्या उन्हांत वाडी चढून दारीं आली, तर तिला बसावयास द्यावें, पाणी द्यावें, आणि तिचें काम होईपर्यंत कोणीतरी सोबत राहावें. पुण्यांतील त्या सभेंत रमाबाई ज्या विधवेसाठीं उभ्या राहिल्या, तिच्याच धंद्याची ती मुलगी आहे.